पेटीआधी वही

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट करायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : डिझायनरला फोन करण्याआधी वही घ्या. गेल्या हंगामात लोकांनी फोनवर काय काय विचारलं ते आठवून लिहा. पेटीत डझन किती? फळ तयार की अढीत घालायचं? डागी निघालं तर? तीच तुमची पानं. आजोबांचा फोटो थांबू शकतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तुमची नोंदणी असेल तर ती पहिल्याच पानावर हवी. डोमेन मात्र स्वतःच्याच नावावर घ्या, नाहीतर पुढे बनवणाऱ्याच्या मागे फिराल. आणि पावसाळ्यात, पेटी नसताना, वेबसाइटवर काय दिसणार तेही आत्ताच लिहून ठेवा.