बाणकोटचा किल्ला

आपल्या मंडणगड तालुक्यांतील बाणकोटचा किल्ला पहावयास जाल तेव्हां प्रथम तटाकडे न पाहतां सावित्रीच्या मुखाकडे पहावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों. महाडास जाणारीं गलबतें याच वाटेनें आंत शिरत. म्हणूनच एवढ्याशा टेकडीसाठीं इतके झगडे झाले. आंग्र्यांनीं तिला हिंमतगड म्हटलें, पुढें इंग्रजांनीं फोर्ट व्हिक्टोरिया. लोकांनीं मात्र बाणकोट हेंच नांव राखलें! तट जांभ्या दगडाचा, खंदकही जांभ्यांतच खोदलेला. खंदकांतून निघाला तोच दगड तटास लागला असावा, असा आमचा तर्क; मुलांनीं दोहोंवर हात फिरवून तो पारखावा. तटावर नांवें मात्र कोरूं नयेत. गेल्या सहलींत आमच्यांतील एकानें तो पराक्रम केला, आणि वाटाड्यासमोर आम्हांस मान खालीं घालावी लागली.