उजळणी मोठ्याने करा

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मेडिसिन प्रात्यक्षिकाला मी परीक्षक म्हणून जाते, तेव्हा एक गोष्ट पाहून दर वेळी जीव तुटतो. समोरच्या मुलीला लाइट्स क्रायटेरिया तोंडपाठ असतात. छातीतल्या पाण्यातलं प्रोटीन रक्तातल्या प्रोटीनच्या ०.५ पटीहून जास्त किंवा एलडीएच रक्तातल्या एलडीएचच्या ०.६ पटीहून जास्त असेल, तर एक्झुडेट. पण ‘ट्रॅकिया कुठल्या बाजूला सरकलीय?’ विचारलं की ती गप्प होते. रुग्णाच्या गळ्याशी बोट लावून बघायचं सुचत नाही.

अशा मुलांनी अभ्यास केलेला असतो. उजळणी म्हणून मात्र अधोरेखित ओळींवरून पुन्हा नजर फिरवलेली असते. पान ओळखीचं दिसतं, म्हणून विषय येतो असं वाटतं. तिथेच घात होतो.

प्लुरल इफ्यूजन आणि कन्सॉलिडेशन हे दोन वेगळे धडे म्हणून वाचू नका, शेजारी मांडा. ठोकून पाहिलं तर दोन्हींत डल लागतं. मग ओळखायचं कसं? रुग्णाला ‘एक, एक, एक’ म्हणायला लावा. पाणी असेल तर हाताला कंप कमी जाणवतो, कन्सॉलिडेशनमध्ये वाढतो. पाणी कंप अडवतं, घट्ट झालेलं फुप्फुस तो नीट पोचवतं. पाणी भरपूर असेल तर ट्रॅकिया विरुद्ध बाजूला जाते. हे मित्राला पुस्तक मिटून, मोठ्याने समजावून सांगा. अडखळाल, तेवढंच पुन्हा वाचा.

मायट्रल स्टेनोसिसची उजळणी हॉस्टेलच्या खाटेवरही होते. मित्राला डाव्या कुशीवर वळवा, बेल एपेक्सवर हलकी टेकवा, श्वास सोडायला सांगा. मर्मर ऐकू येणार नाही, पण क्रम हातात बसेल.

सर्पदंश ‘शेवटी बघू’ म्हणून सोडू नका. आपल्याकडे तर नकोच. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते, सूज नसते, खूणही अनेकदा दिसत नाही. सकाळी पोट दुखतं, पापण्या जड होतात. ही हिस्ट्री ऐकताच मण्यार डोक्यात आली पाहिजे आणि पुढचा प्रश्न श्वासाबद्दलचा हवा.

आणि लाँग केसच्या रुग्णाचं पोट परीक्षेच्या दिवशी बऱ्याच जणांनी दाबलेलं असतं. कुठे दुखतंय ते आधी विचारा, हात गरम करा, दुखऱ्या जागेपासून दूर सुरुवात करा.