आधी बसून हिशेब
अभ्यासपाठ : लूक 14:28–30



बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्च मोजावा, असे प्रभू येशूने शिकवले. सायखेड्याहून पेठकडच्या पाड्यांवर औषधे व धान्य नेणाऱ्या आपल्या पिकअपने गेल्या पावसाळ्यात हाच धडा आम्हाला दिला. रात्री सावळ घाटात गाडीचे दिवे मंदावत गेले. त्याआधी आम्ही दोनदा नवी बॅटरी घेतली होती. पण दोष तिचा नव्हताच. औषधांची शीतपेटी आणि जादा दिवे आम्ही हौसेने बसवले, वीज कोठून येणार हे मात्र मोजले नव्हते.

बॅटरी ही कणगी, अल्टरनेटर हे शेत. इंजिन चालू असताना वीज अल्टरनेटर पिकवतो. तो कमी पडला की कणगी रिती होऊ लागते.

मग आम्ही वही घेऊन बसलो. पुढचे दोन दिवे 110 वॉट, मागचे दिवे 30, वायपर 60, केबिनचा पंखा 120, जादा दिवे 110, शीतपेटी 60. एकूण 490 वॉट. त्याला 14 व्होल्टने भागले की 35 अँपिअर. बॅटरी भरायला आणखी 15 धरले, म्हणजे 50. पण इंजिन संथ चालत असताना अल्टरनेटर पाटीवरच्या आकड्याच्या साधारण निम्माच प्रवाह देतो. म्हणून 90 अँपिअरचा निवडला.

बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात. बसण्याची जागा व पुली जुळावी. अल्टरनेटर मोठा घेतला तर बॅटरीकडची तार, अर्थिंग व फ्यूजही त्या प्रमाणात हवेत. आणि काही डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. तो चुकला तर घाटात जिवावर बेतेल.

शेवटी इंजिन चालू ठेवून, सर्व दिवे लावून बॅटरीवर मीटर धरावा. 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले की ठीक. चालू इंजिनात बॅटरीची तार काढून परीक्षा कधीही घेऊ नये. अल्टरनेटर जळू शकतो.

मंडळीत चर्चेसाठी : आपण सेवेत नवे काम वाढवतो, तेव्हा ते वाहणाऱ्या सेवकाचे बळ मोजतो का? की तो मंदावला म्हणजे नुसती बॅटरी बदलतो?