तात्यांच्या तळहातावरची लॅब

एक सोपा प्रश्न विचारते. खताच्या पोत्यावर १८:४६:० असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ काय? हसू नका, मलाही सांगता आला नव्हता. अमोनिया बनवायची हेबरची पद्धत मात्र मला तोंडपाठ होती. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशे ते पाचशे अंश तापमान, प्रचंड दाब, सगळं! पण मागच्या जूनमध्ये गावी गेले तेव्हा तात्यांनी (माझे थोरले काका) डीएपीच्या पोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "काय इंजिनियरबाई, ह्यात स्फुरद किती?" आणि मी गप्प. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला फॉस्फरस माहीत होता, स्फुरद नाही.

तर आधी शब्द. नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम. पोत्यावरचे तीन आकडे याच क्रमाने असतात. १८:४६:० म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, पालाश शून्य. ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद.

पण इथे एक गंमत आहे. हे २३ किलो खरं म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले असतात, आणि तो पदार्थ पोत्यात नसतोच! पूर्वी रसायनशास्त्रज्ञ पृथक्करणाचे आकडे ऑक्साइडच्या रूपात मांडायचे, तीच रीत आजही चालू आहे. पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरस सुमारे ४४ टक्के, म्हणजे पोत्यात खरा फॉस्फरस १० किलोच्या आसपास. पालाशचंही तसंच, तो पोटॅशियम ऑक्साइड धरून मोजतात.

हे सगळं मी नंतर पुस्तकात बघितलं. तात्यांना त्या दिवशी वेगळीच शंका होती. नव्या पोत्यातले दाणे त्यांना "येगळं" वाटत होते. त्यांनी चार दाणे तळहातावर घेतले, खिशातली चुन्याची डबी काढली आणि तंबाखू मळतात तसे दाणे चुन्यात मळायला लागले. मग हात माझ्या नाकाजवळ आणला. "वास घे." मला काहीच वास आला नाही. मग गेल्या वर्षीच्या उरलेल्या पोत्यातले दाणे तसेच मळले. असा झणका आला की डोळ्यांत पाणी!

आता यातलं रसायनशास्त्र बघा. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. यातलं नत्र अमोनियमच्या रूपात असतं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगला कडक अल्कली. दोन्ही एकत्र आले की अमोनियम मोडतो आणि अमोनिया वायू सुटतो. आपण अकरावीला नवसागर आणि चुना तापवून अमोनिया काढतो, अगदी तीच अभिक्रिया. (नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला भांड्यावर टाकतो तो. हेही मला परवाच कळलं!) तात्यांनी ती बर्नरशिवाय केली.

दुसरी परीक्षा तव्याची. खरे डीएपीचे दाणे मंद आचेवर फुगतात. जुने फुगले, नवे तसेच राहिले.

तोपर्यंत नव्यातली दोन पोती सोयाबीनच्या पेरणीत गेली होती. पाऊस आला म्हणून घाई झाली होती. साडेतेराशेचं एक पोतं, आणि दुकानदाराने बिल दिलं नव्हतं. पैशापेक्षाही मोठं नुकसान वेगळंच. नत्र नंतर वरून देता येतं, पण स्फुरद मातीत जिथे पडतं तिथेच जवळपास धरून राहतं. ते पेरतानाच मुळांजवळ पडायला हवं. ती वेळ गेली की गेली.

आता युरिया. मी हुशारी दाखवायला युरियाही चुन्यात मळला. वास आला नाही. "हे पण बोगस!" असं मी जाहीर केलं, तर तात्या हसले आणि मूठभर युरिया पाण्यात टाकून म्हणाले, "हात घाल." पाणी गारेगार! युरिया विरघळताना उष्णता शोषून घेतो. शिवाय तव्यावर तो पूर्ण वितळतो, १३३ अंशाला. युरिया खरा होता, चूक माझी होती. युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण ते कार्बनला बांधलेलं असतं, अमोनियमच्या रूपात नसतं. त्यामुळे चुन्याने लगेच सुटत नाही.

ते सोडवतं युरिएज नावाचं एन्झाइम. मातीतल्या जिवाणूंमध्ये ते भरपूर असतं. हॉस्टेलच्या मुतारीत डोळे चुरचुरतात ते यामुळेच, लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. शेतातही हेच घडतं. ओलसर मातीवर युरिया नुसता फेकून ठेवला तर नत्र हवेत उडून जातं. म्हणून तो मातीआड करायचा किंवा लगेच पाणी द्यायचं.

रूमवर करून बघण्यासारखा एक प्रयोग. कच्च्या सोयाबीनमध्येही युरिएज असतं. सोयाबीन कुटून युरियाच्या पाण्यात टाका, बाटलीच्या तोंडाशी हळदीच्या पाण्यात भिजवलेला ओला कागद अडकवा आणि झाकण लावा. थोड्या वेळाने पिवळा कागद लालसर होतो. हळदीत चुना घातल्यावर लाल होते, तसाच. दुसऱ्या बाटलीत उकडलेलं सोयाबीन टाका, काही होणार नाही. उकडल्यावर एन्झाइम मेलेलं असतं. (तवा मात्र मेसचा घेऊ नका.)

एक लक्षात ठेवा, चुन्याची परीक्षा फक्त शंका पक्की करते, किती टक्के ते सांगत नाही. त्यासाठी कृषी खात्याच्या खत निरीक्षकाकडे तक्रार करायची, नमुना लॅबमध्ये जातो. आणि तक्रारीला बिल लागतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी शेती आहे. पुढच्या सुट्टीत गेलात की पोत्यावरचे आकडे वाचून दाखवा, आणि पोतं फोडल्यावर पेरणीच्या आधी चार दाणे मळा. तात्यांना रसायनशास्त्र येत होतं, त्याची नावं येत नव्हती. मला फक्त नावं येत होती. यंदा आम्ही दोघांनी मिळून खत आणलं. बिल माझ्याकडे आहे.