वूफर ‘फाटला’ म्हणजे नक्की काय फाटलं? – गाडीतल्या सबवूफरवरून शिकवता येणारा एक धडा



नववीच्या वर्गात ध्वनीचं प्रकरण चालू होतं. तास संपता संपता मागच्या बाकावरून एक प्रश्न आला, "सर, वूफर फाटला म्हणतात, तेव्हा नक्की काय फाटतं?" विचारणाऱ्या मुलाच्या वडिलांची वडापची जीप आहे. डिकीतला वूफर खरखरायला लागला होता. दुकानदाराने "जळलाय, नवीन घ्या" असं सांगितलं, आणि घरी ठपका बसला तो या मुलावर, कारण आवाज मोठा करायची सवय त्यालाच!

मी म्हटलं, "उद्या घेऊन ये. आधी बघू काय झालंय, मग ठरवू कोणाचं चुकलं." त्या तासाला जे काही केलं, ते तुमच्याही वर्गात किंवा घरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी वूफर समजून घेऊ

वूफर म्हणजे एक साधं यंत्र. मागे मोठा कायम चुंबक. त्याच्या अरुंद फटीत तारेचं कुंडल, ज्याला कारागीर ‘कॉइल’ म्हणतात. कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन. कोनाच्या कडेने फोमची किंवा रबराची रिंग, आणि आतल्या बाजूला घड्या घातलेल्या कापडाची पिवळसर चकती. तिला ‘स्पायडर’ म्हणतात. रिंग आणि स्पायडर मिळून कॉइलला फटीच्या बरोबर मध्यात धरून ठेवतात आणि पुढे-मागे हलू देतात.

कॉइलमधून विद्युतधारा गेली की चुंबकीय क्षेत्रात तिच्यावर बल येतं. दहावीला आपण फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम शिकवतो, तोच इथे कामाला येतो. धारेची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते. कोन हलतो, हवा हलते, आवाज येतो.

म्हणजे वूफर दोन प्रकारे मरतो. जास्त विद्युतधारेने कॉइल तापून जळते, किंवा कोन मर्यादेबाहेर हलून, धक्का लागून, रिंग कुजून तो मोडतो. दुकानात दोन्हीला "गेला" हा एकच शब्द आहे. पण जळणं आणि मोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोडलेलं बऱ्याचदा जोडता येतं. म्हणून आधी निदान, मग खर्च.

एक गणित: खालचा सूर इतका महाग का?

सबवूफर साधारण २० ते १०० हर्ट्झचे सूर वाजवतो. मुलांना हे गणित द्या. आवाजाची पातळी तेवढीच ठेवायची असेल, तर वारंवारता निम्मी केल्यावर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं.

- ८० हर्ट्झला कोन २ मिलिमीटर हलतो असं धरू.
- ४० हर्ट्झला तो ८ मिलिमीटर हलेल.
- २० हर्ट्झला ३२ मिलिमीटर!

एवढं हलण्याची ताकद फार थोड्या वूफरमध्ये असते. कॉइल फटीबाहेर जाते, मागे येताना चुंबकाच्या तळाच्या पट्टीवर आपटते, ‘टक्-टक्’ असा कोरडा आवाज येतो. रिंग ताणते, स्पायडरचा चिकटवलेला भाग सुटतो.

आणखी एक गंमत आहे. २०-३० हर्ट्झचे सूर आपल्या कानाला फार कमी ऐकू येतात. कान म्हणतो, "काही वाजत नाही, आणखी वाढव." कोन मात्र आधीच जीव तोडून नाचत असतो. बेस बूस्टचं बटण ६ डेसिबलने वाढवलं, तर त्या सुराला कोनाची हालचाल दुप्पट आणि लागणारी शक्ती चौपट होते. बटण एवढंसं फिरतं, परिणाम मात्र केवढा!

नुकसान होऊ नये म्हणून

१. बेस बूस्ट शून्यावर ठेवा. मग आवाज हळूहळू वाढवा. फाटल्यासारखा किंवा ‘टक्-टक्’ आवाज आला की थोडं मागे या. ती तुमच्या गाडीची मर्यादा.

२. सबसोनिक फिल्टर चालू ठेवा. अॅम्प्लिफायरला ही सोय असेल तर फार खालचे सूर वूफरपर्यंत पोचतच नाहीत. बॉक्सला भोक, म्हणजे पोर्ट असेल तर हे हवंच. बंद बॉक्समधली हवा कोनाला स्प्रिंगसारखी आवरते. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये एका ठरावीक वारंवारतेच्या खाली तो आधार नाहीसा होतो आणि कोन मोकाट हलतो.

३. बॉक्सची फट बुजवा. बंद बॉक्स कुठून ‘फुस्स’ करत असेल तर हवेची स्प्रिंग गेली म्हणून समजा.

४. जाळी बसवा. डिकीत जॅक, पाना, पाण्याचे कॅन, भाजीच्या पिशव्या असतातच. ब्रेक लागला की त्या कोनावर आपटतात. बॉक्सही पट्ट्याने बांधून ठेवा.

५. ऊन आणि दमट हवा सांभाळा. फोमची रिंग न वाजवताही काही वर्षांत कुजते, हाताला भुगा लागतो. उन्हात आणि कोकणासारख्या दमट हवेत हे लवकर होतं. रबराची रिंग जास्त टिकते.

६. स्क्रू बसवताना हात आडवा धरा. हसू नका! चुंबक स्क्रूड्रायव्हरला ओढून घेतो आणि टोक सरळ रिंगमध्ये घुसतं. रिंगवर पुठ्ठा ठेवा, स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा.

७. लोखंडाचा कीस जवळ येऊ देऊ नका. गाडीत ड्रिल मारायचं असेल तर वूफर आधी बाहेर काढा. कीस फटीत गेला की कॉइलला खरवडत राहतो.

निदान: चार पायऱ्या

हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावं. आधी सिस्टिम बंद करा, बॅटरीची ऋण वायर काढा आणि वूफरच्या वायरी सोडवा. धन-ऋण खुणांचा फोटो काढून ठेवा. अॅम्प्लिफायर उघडायचा नाही.

*पायरी १ – बघा.* रिंग कुठे सुटली आहे का? कोनाला चीर आहे का? कोनाकडे जाणाऱ्या लवचीक वायरी तुटल्यात का?

*पायरी २ – दाबा.* दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून सरळ, हलकेच दाबा. आवाज न करता आत-बाहेर झाला तर ठीक. ‘खर्र’ असं जाणवलं तर कॉइल घासते आहे. एका बाजूने दाबू नका, चांगल्या वूफरची कॉइलही घासेल.

*पायरी ३ – मोजा.* मल्टिमीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमची एक कॉइल साधारण ३ ते ४ ओहम दाखवते. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल किंवा तिची वायर तुटली आहे.

*पायरी ४ – सेल लावा.* दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावा. कोनावर बोट ठेवलं तर किंचित हालचाल कळते. सेल उलटा केला की हालचाल उलटी. मुलांना हे फार आवडतं, आणि डाव्या हाताचा नियम पाठ न करता समजतो.

काय घरी दुरुस्त होतं?

रिंग सुटली किंवा कुजली: त्याच मापाची नवी रिंग घ्या. जुना फोम आणि गोंद नखाने, हलक्या हाताने काढा. आधी कोरडी बसवून बघा. मग रिंग कोनाला चिकटवा, वाळू द्या, त्यानंतर बाहेरची कड लोखंडी सांगाड्याला चिकटवा. गोंद ओला असतानाच कोन हलकेच आत-बाहेर करून घासत नाही ना ते तपासा, हाच सगळ्यात महत्त्वाचा क्षण. एक दिवस वाळू द्या. गोंद वाळल्यावर लवचीक राहणारा हवा. फेव्हिक्विक वापरू नका, तो कडक होतो आणि कडेला नवी चीर पडते.

कागदी कोनाला छोटी चीर: पातळ कागदाचा तुकडा, उदाहरणार्थ टिश्यू किंवा चहाच्या टी-बॅगचा कागद, पांढऱ्या फेविकॉलच्या पातळ थराने मागून लावा. ठिगळ जड झालं तर कोनाचा तोल बिघडतो. प्लॅस्टिकच्या कोनाला हा गोंद धरत नाही.

लवचीक वायर तुटली: बाहेरच्या टोकाशी तुटली असेल तर पुन्हा झाळता येते. थोडी ढील ठेवा, म्हणजे कोन हलताना ताण येणार नाही.

कारागिराकडे द्या: कॉइल घासते, रीडिंग येत नाही, स्पायडर फाटला किंवा गाडीतून पडून चुंबकच सरकला, तर घरचं काम नाही. कॉइल, कोन, स्पायडर सगळं बदलण्याला ‘रिकोनिंग’ म्हणतात. आधी खर्च विचारा, नव्या वूफरच्या किमतीशी ताडून बघा.

त्या जीपच्या वूफरचं काय झालं?

वर्गात आम्ही चारही पायऱ्या केल्या. मीटरवर साडेतीन ओहम आलं, म्हणजे जळलेला नव्हता. दाबल्यावर घासत नव्हता. पण फोमची रिंग वीतभर सुटली होती, आणि बोट लावताच तिचा भुगा झाला. ती वयाने कुजली होती. मुलगा क्षणभर हसला. मग स्वतःच म्हणाला, "पण सर, बेस बूस्ट मी फुल ठेवला होता." मी त्याला शाबासकी दिली ती रिंगसाठी नाही, या वाक्यासाठी. कुजलेली रिंग कधीतरी सुटणारच होती, बूस्टमुळे ती लवकर सुटली. दोन्ही खरं होतं.

पुढच्या आठवड्यात नवी रिंग बसवली. वडील स्वतः शाळेत न्यायला आले, आणि कोन दाबून बघायची पद्धत त्यांना मुलानेच शिकवली.

मुलांसाठी प्रश्न

१. ६० हर्ट्झला कोन ३ मिलिमीटर हलतो. आवाजाची पातळी तीच ठेवून ३० हर्ट्झला किती हलेल?
२. मीटरवर रीडिंग बरोबर आहे, पण दाबल्यावर ‘खर्र’ होतं. वूफर जळला की मोडला? कारण लिहा.
३. तुमच्या घरातली ‘बिघडलेली’ एक वस्तू निवडा. ती फेकण्याआधी कोणत्या चार गोष्टी तपासाल?

पालकहो, तिसरा प्रश्न मुलासोबत बसून सोडवा. कारण वस्तू बिघडली की आपण आधी ‘कोणी केलं’ विचारतो. ‘काय झालं’ हे आधी विचारलं, तर वस्तू वाचण्याची शक्यता वाढते, आणि मूल खरं बोलण्याचीही.