आदिवासी अभ्यास शिकायला निघालेल्या भाचीस

लिंबागणेश, ता. जि. बीड

चि. ताईस,

आदिवासी अभ्यासात एम.ए. करायचं तू ठरवलंस आणि घरात एकच प्रश्न सुरू झाला : पुढं नोकरी काय? ऊसतोडीच्या आपल्या जिल्ह्यात शिक्षणाचा पैसा कसा उभा राहतो हे तू पाहिलं आहेस, म्हणून हा प्रश्न मला रास्त वाटतो.

आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आणि वसतिगृहं आहेत, पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. नेट-सेट झालीस तर प्राध्यापकीची वाट आहे. वनहक्कावर काम करणाऱ्या संस्थाही आहेत. पण तिथला पगार बेताचा आणि काम बहुधा कंत्राटी, हे वडिलांना आधीच सांग.

प्रवेश मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मिळो की अमरकंटकच्या जनजातीय विद्यापीठात, कायदा मन लावून वाच. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा कलमा-कलमानं यायला हवा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि गावकरी अभ्यासगटात बसून जंगल, कायदा, हिशेब समजून घेत, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं घेत. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा वाहतूक परवाना हाती यायला २०११ उजाडलं. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत केवढं अंतर असतं, ते मला या गावावरून कळलं. तुझं खरं काम त्या अंतरातच आहे.

आपल्या बीडमध्ये अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळं पेसा इथं लागू नाही. पण पारधी आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं पुढं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, त्यांत तेही होते. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय मात्र गेला नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. पण जमातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पालं घेऊन रानोमाळ फिरलेल्या माणसानं तो आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही.

प्रवेशाआधी एका पारधी कुटुंबाबरोबर तहसील आणि प्रांत कचेरीत जा. त्यांचा अर्ज कुठं अडतो ते पाहा, त्यांना विचारूनच लिहून घे, आणि तो मार्गी लागेपर्यंत त्यांची साथ सोडू नकोस. पहिल्या वर्षाची फी मी भरतो, वडिलांना तसं सांग.

तुझा
मामा