संस्थेचा कल आणि अहवालाचा भरवसा : गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या निमित्ताने

गेल्या वर्षी वादविवाद स्पर्धेत दारिद्र्याच्या प्रश्नावर बोलताना मी वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. प्रतिपक्षाच्या मित्राने एका वाक्यात माझी वाचा बंद केली. "तो अभ्यास अमेरिकेच्या पैशाने झालेला आहे!" टाळ्या पडल्या आणि बक्षीस गेले. बक्षिसाचे दुःख दोन दिवसांत ओसरले. पण आक्षेप खरा होता आणि माझ्यापाशी त्याला उत्तर नव्हते, ही गोष्ट मनात सलत राहिली. धोरणांचा अभ्यास करणाऱ्या ज्या संस्थांना हल्ली 'थिंक टँक' म्हणतात, त्यांचा राजकीय कल ओळखावा कसा, आणि ओळखल्यावर त्यांच्या आकड्यांचे करावे काय? हा विचार करण्यासाठी मी आपल्या जिल्ह्यातीलच गोखले अर्थशास्त्र संस्था घेतली.

प्रथम पैसा पाहावा, हे मित्राचे म्हणणे मला मान्य आहे. ही संस्था १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून, नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाच्या आश्रयाने निघाली. म्हणजे जन्मतःच वळण नेमस्त. १९६६ पर्यंत संचालक असलेले धनंजयराव गाडगीळ नियोजनाचे आणि सहकाराचे उघड पुरस्कर्ते होते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष. विठ्ठलराव विखे पाटील त्यांचे उपाध्यक्ष. पुढे १९६७ साली गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. अशा माणसाला निःपक्षपाती म्हणणे कठीण आहे. मात्र त्यांनी आपला पक्ष झाकून ठेवला नव्हता, आणि झाकलेल्या पक्षापेक्षा उघडा पक्ष वाचकाला सोयीचा असतो.

हा कल अहवालात कोठे उतरतो? माझ्या मते बेरजेत क्वचितच उतरतो. तो प्रश्नाच्या निवडीत उतरतो. १९४८ साली संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. विषय होता कालव्यांचे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ. 'लाभ' हा शब्द आधीच ठरलेला! आम्हा यवतकरांना हे चटकन कळते. आमच्याकडे कॅनॉलच्या खाली ऊस आणि गुऱ्हाळे, तर भुलेश्वरच्या डोंगराकडे सरकावे तसतशी बाजरी. खालच्या अंगाला 'पाण्याने काय मिळाले' हा प्रश्न सुचेल. वरच्या अंगाला 'पाणी आमच्या डोळ्यांदेखत कोणाकडे गेले' हा सुचेल. दोन्ही प्रश्नांची उत्तरे प्रामाणिक आकड्यांनी देता येतात आणि तरीही ती एकमेकांना भेटत नाहीत.

दुसरी कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते. संस्थेने स्वतःला न रुचणारे काही कधी छापले आहे काय? येथे १९५७ चा, दांडेकर आणि खुदानपूर यांचा, मुंबई कूळ कायद्याच्या अंमलबजावणीवरील अहवाल पाहावा. जमीनसुधारणा यशस्वी झाली असे निघावे, हेच नियोजनवादी संस्थेला सोयीचे होते. शिवाय याच वर्षी १ एप्रिलला कृषक दिन होता. कसेल त्याची जमीन होणार, असा सर्वत्र उत्साह होता. अहवाल मात्र सांगतो की १९४८ च्या कायद्याने प्रत्यक्षात खंड उतरल्याचा पुरावा फारसा सापडत नाही, आणि कुळे 'स्वखुशीने' जमिनी सोडून देत आहेत. या स्वखुशीविषयी त्यांनी शंका व्यक्त केली आहे.

मी हे आजोबांना सांगितले. ते हसले. "राजीनामा लिहून दिला म्हंजे स्वखुशीच की रे! माझ्या बापानं दिला. अंगठा त्याचा, अक्षर दुसऱ्याचं." पुण्यातील विद्वानांच्या निष्कर्षाला आमच्या पडवीत मिळालेला हा दुजोरा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण त्या दिवसापासून तो अहवाल मला परका वाटला नाही.

आता मूळ आक्षेप. 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने झाला आणि १९७१ च्या जानेवारीत 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. लेखकांनी माणशी रोज २,२५० उष्मांकांचा आहार हे माप धरले. राष्ट्रीय नमुना पाहणीवरून त्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो असे ठरविले. त्यानुसार खेड्यातील सुमारे ४० टक्के व शहरातील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली निघाले. विकासाची फळे वरच्या थरांनी खाल्ली, हा त्यांचा निष्कर्ष कोणाही धनिकाला गोड लागण्यासारखा नव्हता. उलट जमिनीच्या फेरवाटपाने दारिद्र्य हटणार नाही, सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, हे मत डाव्यांना झोंबले. देणगीदाराची छाया शोधायचीच असेल तर ती या शिफारशीत शोधावी. मात्र जमीनधारणेचा हिशेब त्यांनी समोर मांडला आहे. न पटणाऱ्याने तो पुन्हा करून पाहावा.

असा हिशेब करून पाहणारे होतेही. त्याच नमुना पाहणीच्या आधारे बी. एस. मिन्हास यांना १९७० साली खेड्यांतील दारिद्र्य घटलेले दिसले, तर प्रणब बर्धन यांना वाढलेले! कारण दोघांनी भाववाढ मोजण्याचे निर्देशांक वेगळे घेतले. एकाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातील घेतला, दुसऱ्याने शेतमजुरांच्या राहणीखर्चाचा. यांत अमेरिकेचा पैसा कोठेच नाही, आणि तरी निकाल उलटा लागतो. म्हणून अहवाल हाती आला की मी आता प्रस्तावना नंतर वाचतो. तळटीपांत निर्देशांक कोणता घेतला आहे ते आधी पाहतो. (आमच्या एका सरांना ही सवय विक्षिप्त वाटते.)

हा केवळ पुस्तकी वाद नव्हे. रेषा कोठे ओढली यावर १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका पिवळी की केशरी हे ठरू लागले, आणि आमच्या आळीत त्यावरून भाऊ-भाऊ बोलेनासे झाले.

मागच्या महिन्यात तो मित्र दौंडच्या गाडीत भेटला. केडगाव येईपर्यंत मी त्याला हे सारे ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं ठीक. पण प्रत्येक माणसाला २,२५०च उष्मांक लागतात, हे कोणी ठरवलं?" पां. वा. सुखात्मे यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. माणसाची गरज दिवसागणिक बदलते, एकाच सरासरीने सर्वांना मोजू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून दांडेकरांशी त्यांचा वाद त्याच साप्ताहिकात रंगला. मित्राने स्पर्धेत हा प्रश्न विचारला असता तर टाळ्या मीही वाजवल्या असत्या. आता आम्ही दोघे मिळून सुखात्म्यांचे लेख वाचत आहोत.